कुठला अर्धा

चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात पिनेची दोन भोकं — एक अगदी गोल, आणि दुसरं जरा फाटलेलं, म्हणजे पीन उपसताना त्या बाजूला ओढ बसली असणार, किंवा उपसणारीचं नख मध्येच मोडलं असणार... ती भोकांकडेच बघत बसली होती. चिठ्ठीवर एक वाक्य होतं; ते वाचायचं, जोखायचं आणि बाजूला ठेवायचं, एवढंच काम. भोकांकडे बघायचं काम तिला कुणी दिलं नव्हतं. पण त्या भोकांत परवा-परवापर्यंत एक नाव अडकलेलं होतं. मासिकाच्या कचेरीतली टंकलेखिका प्रत्येक स्पर्धकाचं वाक्य एकाच ठशात उतरवते, मागे नावाचा कागद टाचते, आणि गठ्ठा परीक्षकाकडे पाठवण्याआधी नावं काढून स्वतःकडे ठेवते. चिठ्ठीवर उरतं एक खुणेचं अक्षर आणि ही भोकं. घर तेच, दारावरची पाटी तेवढी काढलेली. कागदाला विसरता येत नाही, असं काहीतरी तिच्या डोक्यात आलं आणि तिला ते आवडलं नाही. वाक्य छान होतं म्हणूनच आवडलं नाही. आज छान वाक्यांपासून सावध राहायचं होतं.

चिठ्ठीवरचं वाक्य असं: ‘कटात अर्धाच पाय टाकला, दागिने ठेवलेली जागा सापडली.’

गूढ शब्दकोड्यातलं शोधसूत्र म्हणजे वरून साधं दिसणारं वाक्य, पण त्याच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि दुसऱ्या टोकाला ते उत्तर अक्षरांतून जुळवायची कृती. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळाल्या पाहिजेत आणि वाटेत एकही शब्द फुकटचा पडून राहता कामा नये. एरवी सूत्र देतात आणि उत्तर शोधायला सांगतात. मासिकाच्या स्पर्धेत उलटा कारभार — उत्तर सगळ्यांना आधीच जाहीर, त्याचं सूत्र तयार करून पाठवायचं. या महिन्याचा शब्द ‘कपाट’. दागिने ठेवलेली जागा, हा झाला अर्थ. ‘पाय’ अर्धा केला की ‘पा’, तो ‘कट’ या शब्दाच्या आत टाकला की क-पा-ट. शिवाय डोळ्यांपुढे चोरांची एक टोळी उभी राहते, त्यातला एक नवखा, मनातून कच्चा, दारातच अडखळलेला, आणि नेमकं त्याच्याच हाताला घबाड लागतं... तिने चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब दिलं. टिंब म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या विचारात. मग तिने टिंब खोडलं. मग खोडलेल्या जागेवर फुंकर मारली आणि पुन्हा भोकांकडे बघू लागली.

कारण हे सूत्र तिचंच होतं. म्हणजे तिने पाठवलेलं नव्हतं, परीक्षक कशी पाठवेल? पण जुन्या परीक्षकांनी घालून दिलेला एक रिवाज होता. त्यांना सगळे स्पर्धक पाठीमागे ‘चिमटा’ म्हणत, कारण त्यांचे शेरे तेवढेच लहान असत आणि तसेच बसत. त्यांनाही ते नाव ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही असावं. काम तिच्या हवाली करताना ते म्हणाले होते, “आधी स्वतःचं सूत्र लिही. पाकिटात घाल, चिकटव, संपादकबाईंना देऊन टाक. मगच गठ्ठा उघड.”

“कशासाठी सर?”

“पोटात राहिलं की दुसऱ्यांच्यात तेच शोधत बसशील. बाहेर पडलं की सुटलीस. आणि निकालाच्या खाली ते छापून येतं, तेव्हा तयारी ठेव. आपण इतक्यांना चिमटे काढायचे, तर एखादा आपल्यालाही बसू दे.”

तुम्ही का सोडताय, असं तिने विचारलं होतं. सगळे म्हणत होते डोळे गेले म्हणून. ते म्हणाले, “डोळे ठणठणीत आहेत. हल्ली मला आधी चूक दिसते, मग सूत्र दिसतं. क्रम उलटा झाला की माणसाने उठावं.”

तिने सांगितल्याप्रमाणे केलं होतं. पाकिटातलं तिचं सूत्र असं: ‘अर्धा पाय कटात — कपडे बहुधा इथेच ठेवतात.’ लिहून झाल्यावर तिला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली होती. आणि आता हे. तोच कट, तोच पाय, तोच अर्धा. चोर तेवढे जास्त, म्हणजे तिच्यापेक्षा सरसच.

असं होऊ शकतं. शब्द एकच, अक्षरं तीन, ती फोडायच्या तऱ्हा मोजक्या. दोन माणसांनी एकच फट शोधणं यात चमत्कार काही नाही. हे ती स्वतःला शांतपणे सांगत होती आणि त्याच वेळी तिच्या आत कुणीतरी दुसरंच बोलत होतं — अर्धा. शब्द अर्धा करायची खोड कुणाची? घरात ती खोड एकाच माणसाने आणलेली आहे, आणि तो माणूस आत्ता शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राची घडी उलटी घालून शब्दकोडं सोडवतो आहे.

ती दुसरीत होती. जेवायला बसलेले सगळे, समोर पाण्याचा पेला. बाबा म्हणाले, सांग बघू, अर्धं पाणी म्हणजे काय? ती म्हणाली, अर्धा पेला. बाबा म्हणाले, नाही, ‘पा’. आणि तिला आठवतं, ते ऐकून आपण पेल्याकडे बघितलं होतं. पेल्यातलं पाणी तसंच होतं, हललंसुद्धा नव्हतं, आणि तरी कुठेतरी ते निम्मं झालं होतं. वस्तू वेगळी आणि तिचं नाव वेगळं, आणि नाव कापता येतं! त्या दिवसानंतर तिने घरातलं काहीही धड ठेवलं नाही. अर्धा दिवा, अर्धी खिडकी, अर्धी आई — यावर आई म्हणाली होती, “अर्धीच राहिलेय मी तशीही तुमच्या दोघांच्या पायी.” पुढे ती रसायनशास्त्राकडे गेली, रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली, पण खरं म्हणजे सगळं त्या पेल्यापासून सुरू झालं, असं ती मुलाखतीत सांगू शकली नव्हती इतकंच.

आणि पुरावाही होता. बाबांनी नोकरीत असताना जन्मभर शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बसवली — कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती थांबली म्हणजे मागचीने तिला गाठायचं नाही आणि माणसंही उन्हात उभी राहायची नाहीत. स्पर्धेचं वेळापत्रकही, मधला एक खंड सोडला तर, त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. पण लेक परीक्षक होणार म्हटल्यावर ते म्हणाले, “मग आमची सुट्टी. लोक म्हणतील, घरचंच दुकान.” झालं, विषय संपला. आणि मग स्पर्धेची मुदत संपता संपता आईने भाजी निवडता निवडता सहज सांगितलं, “परवा टपालपेटीपर्यंत गेले, ते बूट घालून. कोपऱ्यावर जायला बूट!” बाबा बूट घालतात ते कचेरीच्या कामाला, दवाखान्याला, आणि मेलेल्या माणसाकडे जायला. वीजबिल टाकायला ते चपलेवर जातात.

म्हणजे पाठवलंय. आणि पाठवलं असेल तर या गठ्ठ्यात ते आहे, आणि गठ्ठ्यात असेल तर... तिने चिठ्ठी पालथी ठेवली.

बाबांना पहिला क्रमांक कधी मिळाला नव्हता. बाकीच्यांसाठी ही फार मोठी गोष्ट नव्हती. बाबांसाठीही नाही, असं बाबा म्हणत. उल्लेख मिळायचा, सूत्र आणि नाव शेवटच्या ओळीत यायचं, आई ते मोठ्याने वाचायची. एकदाच चिमट्यांनी त्यांच्या सूत्रावर शेरा लिहिला: ‘बरोबर आहे. पुढे?’ बाबा इतके हसले! शेजारच्यांना दाखवला, भावाला फोनवर वाचून दाखवला, आपलं हसं आपणच करून टाकलं की दुसऱ्याच्या वाट्याला उरत नाही तसं. आणि मग कितीतरी महिने ते फक्त दुसऱ्यांची कोडी सोडवत राहिले. एकही लिहिलं नाही. तिने विचारलं तेव्हा म्हणाले, वेळ कुठे असतो. निवृत्त माणूस!

आता चिमट्यांच्या खुर्चीत मी आहे, आणि मला बाबांना ते बक्षीस द्यायचंय. ‘द्यायचंय’ — इथेच सगळं बिघडतं. सूत्र उत्तम असेल तर ते कुणी द्यायचं नसतं, ते त्याचं असतं. आणि मला ते उत्तम वाटलं ते उत्तम आहे म्हणून, की बाबांचं आहे म्हणून, की माझ्यासारखं आहे म्हणून? बरं, संशय आला म्हणून बाजूला सारावं, तर समजा ते बाबांचं नसलंच. कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी माणसाचं असलं. तर त्या बिचाऱ्याने पहिला नंबर गमवायचा तो माझ्या वडिलांनी बूट घातले म्हणून? प्रयोगशाळेत नमुन्यावरचं नाव चाचणी घेणाऱ्याला दिसलं की चाचणी बाद, नवा नमुना मागवायचा. पण इथे नाव कुठे दिसलंय? दिसलंय असं वाटलंय फक्त. वाटण्यावर चाचणी बाद करायचा नियम तिच्या माहितीत नव्हता.

“उशीर नाही का होत?” आईने दारातून विचारलं. “शनिवार असला तरी अर्धा दिवस आहेच ना?”

अर्धा दिवस. वेड्यासारखी ती हसली, आणि चिठ्ठ्यांवर पितळी वजन ठेवून निघाली. निकाल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

कारखान्यात सकाळपासून भांडण पेटलेलं होतं. एका गिऱ्हाइकाने दार आणि चौकट एकाच रंगाच्या दोन डब्यांतून रंगवली होती आणि आता म्हणत होता, दार पिवळं आहे आणि चौकट हिरवट. दोन्ही डब्यांचे तुकडे टेबलावर आले. ती ते उजेडाच्या पेटीत ठेवून बघत होती — आतून करडी रंगवलेली पेटी, वर वेगवेगळे दिवे, एक खटका दाबला की दुपारचं ऊन, दुसरा दाबला की घरातला बल्ब. दुपारच्या उन्हात दोन्ही तुकडे जुळे होते, कुठला कुठला ते ओळखू येऊ नये असे.

“एकच तर आहे,” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाकून म्हणाली. “त्याला म्हणावं, चष्मा बदल.”

“थांब.” तिने दुसरा खटका दाबला. पिवळ्या बल्बखाली एक तुकडा तसाच राहिला, आणि दुसऱ्याच्या अंगावर हिरवी छटा चढली.

“अगं बाई! घरात सासूसमोर वेगळा रंग दाखवतोय मेला.”

नवीन काही नव्हतं त्यात; पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. दोन रंग दोन वेगळ्या मसाल्यांतून बनलेले असतात आणि एका उजेडात योगायोगाने सारखे दिसतात. ते एकच आहेत की नाही, हे त्या एका उजेडात कितीही डोळे ताणले तरी कळत नाही. उजेडच बदलावा लागतो. हे ती दर आठवड्याला कुणाला तरी समजावून सांगत असे. पण आज खटक्यावरचं बोट तसंच ठेवून ती उभी राहिली... सकाळपासून मी काय करते आहे? तीच चिठ्ठी, तीच भोकं, तोच पेला. एकाच दिव्याखाली. आणि तो दिवा म्हणजे दुसरीतली मी.

“अगं, बोट काढ, बल्ब तापतोय,” मैत्रीण म्हणाली.

बाबांना चिठ्ठीबद्दल विचारता येणार नव्हतं. स्पर्धेत काय काय आलंय हे परीक्षकाने निकालाआधी बोलायचं नसतं. आणि विचारलं असतं तरी काय, तुमचं आहे का? त्यांनी खरं सांगितलं तरी निकाल गेला, खोटं सांगितलं तरी गेला. पण पाण्याबद्दल विचारता येईल. पाणी काही या महिन्याचा शब्द नव्हे. घरी जाताना रस्त्याच्या सावलीच्या कडेने चालताना ती प्रश्न मनात घोळवत होती, आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. खाली काय साका बसतो ते बघायला परीक्षानळी उजेडात धरताना वाटतं, तसलं काहीतरी वाटतंय.

बाबा मागच्या दाराच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. शनिवारी ते घरातल्या सगळ्यांच्या पादत्राणांना पॉलिश करत. ज्यांना करता येत नाही त्यांनाही नुसतं पुसून ठेवत.

“परीक्षकबाई आल्या,” ते म्हणाले. “उतरवा तुमचेही.”

“बाबा, एक विचारू? स्पर्धेचं नाही. सर्वसाधारण.”

“सर्वसाधारण म्हणालीस म्हणजे स्पर्धेचंच.”

“नाही, खरंच. पाण्याबद्दल आहे.”

“तिला आधी जेवू दे की,” आई आतून म्हणाली. “पाण्याबद्दल, हवेबद्दल सगळं नंतर.”

तिने बूट काढून रांगेत ठेवले आणि पायरीवर बसली. “अर्धं पाणी म्हणजे काय?”

ब्रश थांबला. बाबांच्या गालावर एक सुरकुती हळूहळू हसण्याच्या बाजूला वळली. “‘पा’,” ते म्हणाले. “अजून लक्षात आहे तुझ्या?”

आहे. म्हणजे चिठ्ठी बाबांचीच. आता उठावं, चिठ्ठीवर टिंब पुन्हा द्यावं की कायमचं पुसावं हे मात्र अजून कळत नाही, असं काहीतरी विचारांत येत असतानाच बाबा पुढे म्हणाले, “तसं चूकच आहे म्हणा ते.”

“चूक?”

“नाही तर काय. कुठला अर्धा? पुढचा की मागचा? ‘पा’ का, आणि ‘णी’ का नाही? सोडवणाऱ्याने काय नाणं उडवायचं? पाण्याची सुरुवात म्हण, पाण्याचं तोंड म्हण, मग आहे गोष्ट. नुसतं अर्धं म्हणजे गाडी येणार आहे, पण कुठल्या बाजूने ते सांगणार नाही. उभा राहा दोन्हीकडे माना वळवत.”

“पण मला तर तुम्हीच शिकवलंत!”

“तू दुसरीत होतीस. तेव्हा मी तुला सूर्य उगवतो असंही शिकवलं होतं.”

“आणि चंद्र आपल्याबरोबर चालत येतो असंही,” आई दारात येऊन म्हणाली. “मग ही रडायला लागली, आपण घरात आलो आणि तो बाहेरच राहिला म्हणून. रात्रभर खिडकी उघडी ठेवायला लावली होतीस, आठवतंय? मला सर्दी झाली होती.”

“म्हणजे तुम्ही स्वतः कधीच...”

“मी? छे. पोरांना गोडी लागावी म्हणून ठीक आहे. मी आपला सरळ माणूस, जे आहे ते सांगायचं, फाटे फोडायचे नाहीत. म्हणून तर —” ते थांबले. त्यांनी हातातला बूट उजेडाकडे धरला आणि तिरपा करून बघितला.

“म्हणून तर काय?”

“म्हणून तर काही नाही. याचं कातडं जुनं झालंय, चकाकी धरत नाही लवकर.”

जेवताना आईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. बरंच वाटत होतं. नुसती पायाखालची एक पायरी कमी निघावी आणि पाऊल जरा खाली जाऊन टेकावं, तसं झालं होतं. वीस वर्षं जिला मी बाबांची लकब समजले, ती बाबांनी मुलीसाठी म्हणून घातलेली लकब होती. मुलगी मोठी झाली, तिने ती उचलली, तिला ती आपल्या बापाचा चेहरा समजली. आणि बाबा? ते कधीच त्या वाटेने गेले नव्हते. त्यांची सूत्रं तर मी दर महिन्याला ऐकत होते की; शेवटच्या ओळीत, आईच्या तोंडून. ऐकत होते की नुसतं त्यांचं नाव आलंय का ते बघत होते? त्यांतलं एकही पाठ येत नाही. मुलाखतीत सांगता आला नाही तो पेला मात्र येतो.

टेबलापाशी आल्यावर तिने पालथी चिठ्ठी सुलटी केली. ‘कटात अर्धाच पाय टाकला.’ चोर होते तिथेच होते, नवखा अडखळलाही होता. पण पाय कुठून अर्धा केला ते त्याने सांगितलेलं नव्हतं. ‘पा’ का, ‘य’ का नाही? हा दोष सकाळी तिला दिसला नव्हता, कारण तोच तिच्यातही होता. स्वतःच्या नाकावरचा चष्मा शोधावा तसं. ज्या कुणाचं हे असेल, त्याला ती पहिला नंबर देऊ शकत नव्हती. दुसरा, कदाचित. तिने पेन्सिलीने शेरा लिहिला, ‘कुठला अर्धा?’ — आणि तो शेरा चिमट्यांच्या शेऱ्याएवढाच लहान झाला हे बघून पुढे लिहिलं, ‘एवढं सांगितलं असतं तर यासारखं दुसरं नाही. चोर मनापासून आवडला.’

फोन वाजला. संपादकबाई होत्या. “झालं का गं? पान अडलंय.”

“संध्याकाळपर्यंत देते.”

“तुझं पाकीट उघडते मग, टंकायला घेऊ. आणि आधीच सांगते हं, आता एक अक्षर बदलता येणार नाही. चिमटासाहेबांनीही कधी बदललं नाही.”

“माहीत आहे. चूक आहे त्यात.”

“आं?”

“चूक आहे. पण छापा.”

पलीकडे क्षणभर कागद फाटल्याचा आवाज आला, मग संपादकबाई सूत्र पुटपुटत वाचू लागल्या, मग म्हणाल्या, “मला तर छान वाटतंय बाई,” आणि फोन ठेवला. पुढच्या महिन्यात पत्रं येतील. कुठला अर्धा, परीक्षकबाई? बाबाही वाचतील. आई मोठ्याने वाचून दाखवेल.

मग तिने गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून घेतला. आता बाबा यांत कुठेही असू शकत होते, किंवा नव्हतेच. ‘एक पाटलोण घ्या, आत बघा, तिथेच ती टांगलेली असते.’ — ए, क पाट, लोण. मधली अक्षरं उचलली की कपाट. सकाळी तिने यावर ‘विनोदी’ असं लिहून सोडून दिलं होतं. पाटलोण म्हणणारं माणूस हल्ली कुठे भेटतं? त्याच्या कपाटात खरंच एक असेल, इस्त्रीची, कुणाच्या तरी लग्नाची. ‘पाटावर क बसला की घरात सामान वाढलं.’ — उभ्या शब्दात ‘वर’ चालतं, क वर आणि पाट खाली. आडव्या शब्दात नाही चालत. आणि शब्द उभा की आडवा ते स्पर्धेत सांगितलेलंच नसतं, मग चूक कुणाची, पाठवणाऱ्याची की विचारणाऱ्याची? ‘कपटाच्या मधल्या अक्षराला काना द्या, कुलूप लावता येतं असं काही मिळेल.’ नियमाला चोख, एकही शब्द फुकटचा नाही, वर चोर नाहीत की टोळी नाही. कुणीतरी सरळ उभं राहून जे आहे ते सांगितलेलं. यावर तिने सकाळी काय लिहिलं होतं? ‘मीठ कमी.’ आणि याच्या खालच्यावर? तेच. त्याच्या खालच्यावर नुसती एक तिरकी रेघ.

सरळ सूत्रं बरीच होती. सकाळी ती तिला एकसारखी दिसली होती, गणवेशातल्या मुलांसारखी. आता ती एकेक हातात धरून वाचताना एकात काना आधी येत होता आणि कुलूप मागून, दुसऱ्यात कुणीतरी ‘द्या’ म्हणण्याऐवजी ‘द्यावा’ म्हणालं होतं, जरा अदबीने, आणि तिसऱ्यात वाक्य इतकं आटोपशीर होतं की लिहिणाऱ्याने चार शब्द खोडले असतील, आणि ते खोडताना त्याला वाईट वाटलं असेल... ही कोण माणसं आहेत? यातला एक कदाचित शेजारच्या खोलीत राहतो. मी त्याला ओळखत नाही, हे वाटणं विचित्र होतं. आणि त्याहून विचित्र हे, की त्यात दुःख नव्हतं. खोलीत अजून एक दार आहे असं इतक्या वर्षांनी कळावं आणि आपण कडीवर हात ठेवून, घाई न करता, पलीकडचा आवाज ऐकत उभं राहावं, तसं.

बाबा तिचे बूट घेऊन आत आले. टेबलाकडे पाठ येईल अशा बेताने ते भिंतीच्या कडेकडेने गेले, बूट जागेवर ठेवले, आणि तसेच, मान पलीकडे वळवून, परत निघाले. परीक्षेच्या खोलीतून जाणाऱ्या शिपायासारखे. गठ्ठ्यात त्यांची चिठ्ठी असती तर ते असेच गेले असते. नसती तरीही असेच गेले असते, असं तिला वाटलं. पण हेही मला नक्की ठाऊक कुठे आहे?

“बाबा.”

“अं?” मान अजून पलीकडेच.

“निकाल लागून गेल्यावर... तुमची जुनी सूत्रं आहेत का कुठे? मला वाचायचीत.”

“कशाला? सरळसोट आहेत सगळी.”

“म्हणूनच.”

ते पाठमोरेच दाराबाहेर गेले. पॉलिशची डबी बंद केल्याचा टक असा आवाज आला आणि पावलं आत गेली. ती पावलं नेमकी कुठे जाऊन थांबतात, कपाटापाशी की वर्तमानपत्रापाशी, हे ती ऐकत होती, पेन्सिल उचललेली, सगळ्यांत वरच्या चिठ्ठीचं वाक्य अर्धं वाचून झालेलं, आणि उरलेलं वाचण्याची तिला अजिबात घाई नव्हती.